पांढरी चार

पेटी खोकली. भाता मारला, सा दाबला, आणि सुराच्या जागी नुसती फस्स करून हवा निघाली.

"हे काय वाजवतोयस, नेवरेकर?" हेमंत कारखानीसांनी माझ्याकडे न बघताच विचारलं. ते संगीतकार, मी त्यांचा पेटीवाला.

मी परत दाबला. परत फस्स. सभागृहाच्या मागच्या खुर्च्यांवर मंगोलियाची मंडळी आपल्या तालमीची वाट बघत बसली होती, त्यातली एक मुलगी हसली. मी पेटी उपडी केली, मागची फळी काढली आणि बघितलं. सूर ज्या फळीवर बसवलेले असतात त्या फळीला इकडून तिकडे चीर गेली होती. नख जाईल एवढी. पेटीला तेवढी पुरते.

चूक माझीच होती. आदल्या दिवशी आम्ही बिश्केकला उतरलो तेव्हा बाहेर बर्फ होतं. खोलीत शिरल्यावर मला वाटलं, बिचारी पेटी गारठली असेल. खिडकीखाली लोखंडी नळ्यांचा हीटर होता. जन्म रत्नागिरीतला आणि पुढचं आयुष्य गिरगावातलं, त्यामुळे हीटर मी फक्त सिनेमात पाहिला होता. पेटी त्याला टेकवून ठेवली, वर माझी शाल घातली आणि मोठं पुण्य केल्यासारखा झोपलो. सगळा जन्म दमट हवेत काढलेलं ते लाकूड रात्रभर भाजलं आणि सकाळी तडकलं.

"उद्या संध्याकाळी आपण स्टेजवर आहोत," कारखानीस म्हणाले. "तोवर पेटी बोलली तर ठीक. नाहीतर ते चाळीस सेकंद डिसूझा सिंथेसायझरवर मारेल. त्यात हार्मोनियमचा आवाज आहे."

ते चाळीस सेकंद काय होते ते सांगायला हवं. बावीस देश, प्रत्येक देशाचं एक गाणं, अशी ती आशियाई गीतस्पर्धा होती. आमचं गाणं शांततेचं होतं. सगळ्यांचंच शांततेचं होतं. त्या वर्षी आपल्या सरहद्दीवर उन्हाळाभर तोफा चालल्या होत्या, आणि नोव्हेंबरात आम्ही एका आभाळाखालच्या दोन पाखरांचं गाणं घेऊन निघालो होतो. गाण्याची सुरुवात नुसत्या पेटीने होती. ना ठेका, ना व्हायोलिन. चाळीस सेकंद मी एकटा. अकरा वर्षं मुंबईच्या स्टुडिओंत मागच्या रांगेत बसून मी पेटी वाजवली होती आणि माझं नाव कधी 'इतर वादक' यांच्या बाहेर आलं नव्हतं. त्या चाळीस सेकंदांसाठी मी बायकोचं बाळंतपण सासरवाडीवर टाकून आलो होतो.

तालमीनंतर पेटी आणि एक मेणबत्ती घेऊन मी हॉटेलच्या मागच्या जिन्यात जाऊन बसलो. खोलीत डिसूझा होता आणि त्याला माझी फार दया येत होती. जिन्यात कुणी फिरकत नसे. मी चिरेत मेणाचे थेंब सोडायला लागलो.

"मेण नको घालूस, पोरा. उद्या दिव्यांखाली गरम झालं की सुरांत उतरेल."

मी मान वर केली. वरच्या पायरीवर साठीच्या आसपासचा एक बारीकसा माणूस उभा होता. हिरवा ब्लेझर, खिशावर चांदतारा.

दिल्लीच्या विमानतळावर आमच्या पथकाचे प्रमुख भटनागर यांनी आम्हाला रांगेत उभं करून बजावलं होतं. त्या लोकांशी बोलायचं नाही, हात मिळवायचा नाही, फोटोत शेजारी यायचं नाही, एका टेबलावर जेवायचं नाही. यजमानांनाही धसका असावा. आम्हाला चौथ्या मजल्यावर ठेवलं होतं, त्यांना सातव्या, आणि मधे कोरिया नि मंगोलिया भरले होते.

"तुम्ही मराठी बोलताय," मी म्हणालो. 

"मग तुला काय चिनी ऐकू येतंय?" तो दोन पायऱ्या उतरून आला आणि गुडघे धरत माझ्या शेजारी बसला. "मारुती जगताप. कराची. आम्हाला लिफ्ट मना केलीय. तुमच्यातलं कुणी आत असलं तर पंचाईत नको म्हणून. सात मजले चढउतार करतोय सकाळपासून. हीटरजवळ ठेवली होतीस ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मीही ठेवणार होतो. समुद्रकाठची माणसं आपण. पण बाबांची पेटी, जीव धजावला नाही. न्हाणीघरात ठेवली, शेजारी ओला पंचा पसरून." त्यांनी माझ्या पेटीत बोट घालून चीर चाचपली आणि जीभ टाळ्याला लावून च्यक केलं. "हिला घरी नेऊन फळीच बदलावी लागेल. गेली ही."

मला रडू आलं. खरंच आलं. एकतीस वर्षांचा बाप्या मी, शत्रूच्या ब्लेझरशेजारी बसून नाक ओढत होतो. त्यांना चाळीस सेकंदांचं सांगितलं, बाळंतपणाचंही सांगितलं.

जगतापकाकांनी ऐकून घेतलं. मग आपलं सांगितलं. त्यांचे वडील कोल्हापूरचे. नाटक कंपनीबरोबर पेटी वाजवायला कराचीला आले. कंपनी परत गेली, वडिलांना तिथल्या शाळेत गाणं शिकवायची नोकरी लागली, मग ते बायकोला घेऊन आले. फाळणी झाली तेव्हा काका सात वर्षांचे होते आणि टायफॉइडने अंथरुणावर होते. पोराला उतार पडला की पुढच्या बोटीने निघू, असं ठरलं.

"मग?"

"मग काय? मला उतार पडायला दोन महिने लागले. बाबा कधी बोलून दाखवत नसत, पण घरात सगळ्यांना माहीत होतं की मारुतीच्या तापामुळे आपण राहिलो." ते हसले. "रंकाळा आहे ना रे अजून?"

"आहे."

"पाणी आहे त्यात?"

"आहे की, भरपूर."

"बरं झालं. मी बघितला नाही. पण बाबांनी एवढा सांगितलाय की तिथल्या पायरीवर मला डोळे मिटून उतरता येईल." ते उठले. "ऐक. आमचं गाणं आज संध्याकाळी आहे. ते झालं की माझी पेटी मोकळी. उद्या सकाळी तुला देतो. उद्या रात्री मला परत."

"काका, कळलं तर?"

"बैठकीत एकाची पेटी बसली तर शेजारच्याने आपली पुढे सरकवायची. विचारायचं नाही, बोलून दाखवायचं नाही. बाबांची शिकवण. नाही सरकवली तर ते वरून उतरून येतील माझा कान धरायला."

शनिवारी सकाळी सगळे नाश्त्याला खाली गेल्यावर आम्ही सहाव्या मजल्यावरच्या चादरींच्या खोलीत भेटलो. काकांनी पेटी एका पलंगपोसात गुंडाळून आणली होती. पलंगपोस सोडला आणि मी बघत राहिलो. काळपट सागवान, झाकणाच्या कडेने शिंपल्याची बारीक वेल, भात्याला एका कोपऱ्यात हिरव्या बनातीचं ठिगळ. झाकण उघडल्यावर आत पितळी पाटी: शिवराम सुतार, कोल्हापूर, सन १९३४.

"वाजव," ते म्हणाले.

मी कानाला हात लावला आणि काळी एकमध्ये वाजवायला लागलो. आमचं गाणं त्याच पट्टीत होतं. सा लावला, रे, आणि ग वर आलो तर थांबलोच. असा गांधार मी पेटीवर ऐकला नव्हता. पेटीवरचा गांधार नेहमी थोडा चढा असतो, आपले कान ते सोसून घ्यायला शिकलेले असतात. हा तसा नव्हता. तंबोऱ्यातून आपोआप उमटतो तो गांधार होता, गळ्यातला. मी बोट उचललंच नाही.

"सापडला ना तुला?" काकांचे डोळे चमकले. "आई काळी एकमध्ये भजनं म्हणायची. रोज दिवेलागणीला. तिचा गांधार पेटीच्या गांधारावर बसेना. बाबा म्हणाले, तू बदलू नकोस, पेटी बदलेल. त्या एका सुराला त्यांनी तीन महिने हात घातला. रोज आईने गायचं, यांनी जरासं घासायचं, परत गायचं. काळी एकचा गांधार म्हणजे ही पांढरी चार. आई जाऊन चाळीस वर्षं झाली, बाबा जाऊन अठ्ठावीस. घरात दोघांचा म्हणावा असा एक फोटोसुद्धा नाही, पावसात भिजले सगळे. हा गांधार तेवढा आहे." मग त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "बाकी हवं तसं वाजव. भाता जोरात ओढलास तरी चालेल, ठिगळ पक्कं आहे. फक्त पांढरी चारला कुणाला हात लावू देऊ नकोस."

"काका, काय बोलताय! वेडा आहे का मी?"

मी वेडा नव्हतो.

दुपारी शेवटची तालीम झाली. ही पेटी कुठून आणलीस, असं कारखानीसांनी विचारल्यावर मी ठरवून ठेवलेलं सांगितलं. इथे एक भारतीय डॉक्टर आहेत, त्यांच्या घरची आहे. कारखानीसांनी मान डोलावली. माझे चाळीस सेकंद झकास गेले. मग यामिनीने, म्हणजे आमच्या गायिकेने, उचललं, मागून डिसूझाचा सिंथेसायझर आणि गिटार आली, आणि कारखानीसांनी दोन्ही हात वर केले.

"थांबा, थांबा! काय बोंबलतंय ते?"

पुन्हा घेतलं. पुन्हा थांबवलं. तिसऱ्या वेळी ते चालत माझ्यापाशी आले आणि एकेक पट्टी दाबत पांढरी चारवर थांबले. तिकडे डिसूझाने तोच सूर धरला. दोन सूर एकमेकांशी भांडायला लागले.

"गांधार पडलाय याचा."

"पडलेला नाही साहेब, तो मुद्दाम..."

"मुद्दाम असो की चुकून. सगळा ऑर्केस्ट्रा एका सुरात आणि तू तुझ्या आजोबांच्या सुरात, असं नाही चालत. घास आणि वर घे. दोन मिनिटांचं काम आहे."

"पेटी माझी नाही, साहेब."

"डॉक्टरच्या बापाला काय कळणार आहे? घासत नसशील तर राहू दे. डिसूझा, तो हार्मोनियमचा आवाज लाव."

डिसूझाने लावला. प्लास्टिकचा आवाज, पण सुरात चोख. यामिनी त्यावर दोन ओळी गाऊनही बघायला लागली. मी म्हणू शकलो असतो, लावा डिसूझाला. पेटी पलंगपोसात गुंडाळून सातव्या मजल्यावर नेऊन ठेवू शकलो असतो. जन्मभर मागच्या रांगेत बसलो असतो. जगात पुष्कळ माणसं मागच्या रांगेत बसून सुखाने मरतात. पण तेव्हा मला ते मरणापेक्षा वाईट वाटलं.

"यामिनी," मी म्हणालो, "तुझ्याकडे नखं घासायची कानस आहे का?"

माहीत नसेल त्याच्यासाठी सांगतो. पेटीतला सूर म्हणजे पितळेची बारीक जीभ असते. तिचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. घासलेलं पितळ परत येत नाही. पांढरी चारखाली दोन जिभा होत्या. मी दोन्हींच्या टोकांवरून यामिनीची गुलाबी मुठीची कानस फिरवली. पाच-सहा वेळा. डिसूझा सूर धरून बसला होता, त्याच्याशी भांडण मिटेपर्यंत. पितळेची पूड माझ्या पँटवर पडली, ती मी झटकली. म्हाताऱ्याचे कान आता साठीचे झालेत, एवढ्याशा फरकाने त्याला काय कळणार, असं मी मनाशी म्हटलं. कळणार हे मला पक्कं माहीत होतं.

संध्याकाळी आम्ही दुसरे आलो. परीक्षकांनी पेटीच्या त्या सुरुवातीचा खास उल्लेख केला, कझाकस्तानच्या एका म्हाताऱ्या परीक्षकाने स्टेजवर येऊन माझे हात हातात घेतले. कार्यक्रमानंतर भटनागरांनी सगळ्यांना जेवायला नेलं. वाद्यं आमच्या सामानाच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली मागून मी पेटी काढू शकलो असतो. सहाव्या मजल्यावर चादरींच्या खोलीत काका येऊन थांबले असणार, हे मला ठाऊक होतं. पण पेटी द्यायची म्हणजे त्यांच्यासमोर उभं राहायचं. त्यांनी पांढरी चार दाबली तर? सकाळी देऊ, म्हटलं. सकाळी गडबडीत कोण वाजवून बघतं?

रविवारी सकाळी आम्ही नाश्ता करून सामानासकट खाली उतरलो तर दोन्ही पथकांच्या बसेस एकाच वेळी दारात लागल्या होत्या. यजमानांचा एवढा काटेकोर बंदोबस्त, पण शेवटच्या दिवशी गफलत झालीच. दोन-तीन वार्ताहरही होते. मी पेटी पलंगपोसात गुंडाळून हातात धरली होती आणि नजरेने काकांना शोधत होतो. ते दाराजवळ आपल्या लोकांत उभे होते. त्यांनी मला बघितलं, हळूच मान हलवली. येतो, असं.

तेवढ्यात त्यांच्या पथकाचे प्रमुख कुरेशी हातात एक यादी घेऊन तरातरा भटनागरांसमोर आले. उंच, मिशाळ, बोलण्यात फौजी ठसका.

"जनाब, हमारा एक हार्मोनियम कम है. और कल टीवी पर हमने उसे आपके स्टेज पर देखा है. सीप की बेल वाला."

भटनागरांचा चेहरा लाल झाला. वार्ताहर जवळ सरकले. "आप हम पर चोरी का इल्ज़ाम लगा रहे हैं?"

"मैं सिर्फ़ पूछ रहा हूँ."

"नेवरेकर!" भटनागर माझ्याकडे वळले. माझ्या हातातला पलंगपोस त्यांनीच ओढून काढला. "यह पेटी किसकी है?"

सगळे माझ्याकडे बघत होते. कारखानीस बघत होते. डॉक्टरची गोष्ट ते उघडी पाडतील असं वाटलं, पण त्यांनी तोंड उघडलं नाही.

"मेरी है," मी म्हणालो. "घर की है."

भटनागरांनी झाकण उघडून पाटी दाखवली. "पढ़ लीजिए. कोल्हापुर. कराची में है कोल्हापुर?"

कुरेशींनी पाटीकडे बघितलं. त्यांना ती वाचता येत नव्हती. त्यांनी मागे वळून हाक मारली. "जगताप! इधर आइए. बताइए, यह पेटी आपकी है?"

काका पुढे आले. माझ्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसले. पेटी त्यांच्यापुढे ठेवावी लागली. त्यांनी भाता मारला, एक-दोन सूर दाबून बघितले आणि झाकण लावलं.

"जी नहीं," ते म्हणाले. "यह मेरी नहीं है."

"तो आपकी कहाँ है?"

"खो गई."

कुरेशी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी यादीवर काहीतरी लिहिलं आणि बसकडे हात केला. काका गेले. आमच्याकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. दिल्लीच्या एका पेपरात बातमी आली, त्यात 'कांगावा' अशा अर्थाचा शब्द होता. माझा पेटीसकट फोटो होता.

याला पंचवीस वर्षं झाली. मी पुन्हा मागच्या रांगेत बसलो नाही. कारखानीसांनी पुढच्या चार सिनेमांत मला सोलो दिले, मग दुसऱ्यांनी दिले, मग माझे क्लास निघाले. ती पेटी माझ्या दादरच्या क्लासमध्ये काचेच्या कपाटात आहे. ती वाजत नाही. पुढे एकदा मी तो गांधार परत खाली आणायला बसलो होतो. जिभांच्या बुडाशी घासत गेलो. पण किती खाली होता तो? मी एका सकाळी काही मिनिटं ऐकलेला. जिला तो ठाऊक होता त्या बाईच्या गळ्यातून तीन महिने तो मोजला गेला होता. मी घासत गेलो आणि एक जीभ बुडातून तुटली.

मधे दुबईत एका कार्यक्रमात कराचीचा एक तबलजी भेटला. जगतापकाकांचं विचारलं. तो म्हणाला, "वो तो कब से नहीं बजाते. पेटी खो गई थी उनकी. उस पर बहुत पूछताछ भी हुई. दूसरी ली ही नहीं."

सत्कार-बित्कार झाला की लोक हमखास त्या पेटीची गोष्ट सांगायला लावतात. मी सांगतो. वीस-पंचवीस वेळा सांगितली असेल. शेवटी म्हणतो की बघा, त्या माणसाने मला वाचवण्यासाठी बापाची पेटी नाकारली; तो हो म्हणाला असता तर मी चोर ठरलो असतो आणि तो फितूर. कुणी म्हणतं, बिचारा घाबरला असेल, तिथे हिंदू माणूस म्हणजे काय ते विचारू नका. त्यावरही मी मान डोलावतो. बायका डोळे पुसतात. संगीताला सरहद्द नसते, असं अध्यक्ष म्हणतात. नखाच्या कानशीचं मी कधीच सांगत नाही.

आणि काका गुडघ्यांवर बसल्यावर माझ्याशी जे बोलले तेही सांगत नाही.

पेटी त्यांच्यापुढे ठेवायला मी वाकलो तेव्हा त्यांचं तोंड माझ्या कानाजवळ होतं. ते मराठीत, अगदी हळू म्हणाले, "घाबरू नकोस, पोरा. मी सांगतो यांना, मीच दिली म्हणून. बघून घेऊ काय होईल ते." ते घाबरलेले नव्हते. पेटी आपली आहे हे सगळ्यांसमोर सांगायला ते आले होते, आणि पुढे जे व्हायचं ते सोसायची त्यांनी तयारी केली होती. भाता मारला तो फक्त सवयीने. वादकाचा हात पेटीवर पडला की भाता मारतोच. सा दाबला. हसले. मग बोट पांढरी चारवर गेलं.

ते बोट तिथेच राहिलं. भात्यातली हवा संपून सूर मरेपर्यंत राहिलं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मी माझ्या पँटकडे.

मग त्यांनी कुरेशींना ते 'जी नहीं' सांगितलं. उठताना त्यांना आधार लागेल असं वाटलं म्हणून मी हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही. जमिनीला हात टेकून उठले. पलंगपोस उचलला, घडी करून स्वतःच्या काखेत मारला.

"सांभाळा," मला म्हणाले. "तुमचीच आहे ही."